टॉम बॉम्बाडिल आणि शहापूर-मुरबाडचे रान : सत्ता नाकारणे कुणाला परवडते?

टॉल्किनच्या 'द लॉर्ड ऑफ द रिंग्ज' या कादंबरीत टॉम बॉम्बाडिल नावाचे एक कोडे आहे. निळा कोट, पिवळे बूट आणि तोंडात सदा गाणे. जुन्या अरण्याच्या कडेला तो नदीच्या लेकीसोबत राहतो. ज्या अंगठीच्या मोहापुढे भलेभले वाकतात, ती तो सहज बोटात घालतो आणि त्याला काहीच होत नाही. तो नेमका कोण, हे लेखकाने मुद्दाम उलगडलेले नाही. २००१ च्या सिनेमाने तर त्याला सरळ वगळूनच टाकले.

बहुतेक वाचक म्हणतात, बॉम्बाडिल म्हणजे निसर्ग. टॉल्किननेही १९३७ च्या एका पत्रात त्याला ऑक्सफर्ड-बर्कशायरच्या लोपत चाललेल्या ग्रामीण भागाचा आत्मा म्हटले होते. मग आंबेडकरी तरुणांनी या परक्या म्हाताऱ्याची चिकित्सा का करावी? कारण हाच चष्मा लावून शहरातली माणसे शहापूर-मुरबाडला येतात. पावसाळ्यात माळशेज घाट आणि माहुली बघायचे, वाटेत दिसणाऱ्या ठाकूर, कातकरी, वारली, महादेव कोळी माणसाला 'निसर्गाचे लेकरू' म्हणायचे आणि संध्याकाळी परत जायचे. 'वनवासी' हा शब्दही याच चष्म्यातून आलेला आहे. माणसाला रानाचा भाग ठरवले की त्याला नागरिक मानण्याची गरज उरत नाही.

हे 'निसर्गाचे लेकरू' दिवाळीनंतर कुठे जाते, ते बघा. उचल घेतलेले कातकरी कुटुंब पोराबाळांसह वीटभट्टीवर जाते आणि पावसाच्या तोंडावर परत येते. नदीची लेक म्हणाल, तर तानसा १८९२ पासून मुंबईला पाणी देते. भातसाही देते. बारवीचे पाणी औद्योगिक वसाहतींना आणि शहरांना जाते. आणि धरणांच्या याच तालुक्यांतले पाडे उन्हाळ्यात टँकरची वाट बघतात. काळू नदीवरच्या नियोजित धरणाविरुद्ध मुरबाडची गावे वर्षानुवर्षे उगाच लढलेली नाहीत.

म्हणून बॉम्बाडिल टाकाऊ आहे, असे आम्ही म्हणत नाही. त्याच्याबद्दल कादंबरीत एक मोलाचा विचार येतो. तो रानाचा धनी आहे, पण मालक नाही. झाडे, गवत, प्राणी ज्याचे त्याचे आहेत. आपल्याकडे दिवाळीच्या तोंडावर वाघबारस करणाऱ्या आदिवासींना हे नवे नाही. वाघाला नैवेद्य दाखवतात, पण त्याच्यावर मालकी सांगत नाहीत. मालकी सांगायला आले ते इंग्रज सरकार. १८७८ आणि १९२७ च्या वन कायद्यांनी रान सरकारी झाले आणि रानात राहणारा अतिक्रमणदार ठरला.

१९२७ हेच महाडच्या सत्याग्रहाचेही वर्ष. एकीकडे राज्य रानाला कुंपण घालत होते आणि दुसरीकडे बाबासाहेब जातीने तळ्याला घातलेले कुंपण मोडत होते. चवदार तळ्यावर त्यांनी पाण्याची स्तुती केली नाही, पाण्यावरचा हक्क बजावला. १९४८ साली संविधान सभेत खेड्याचे गोडवे गाणाऱ्यांना त्यांनी खेड्याचे खरे रूप दाखवले. निसर्गाच्या आणि खेड्याच्या गोड चित्रामागे कोण उपाशी आहे, हे विचारण्याची दृष्टी आपल्याला त्यांनीच दिली.

कादंबरीतही हा प्रश्न सुटलेला नाही. अंगठी बॉम्बाडिलकडे ठेवावी का, अशी चर्चा सभेत होते. उत्तर मिळते की तो ती विसरून जाईल किंवा कुठेतरी टाकून देईल. आणि बाकी सगळे जग हरले तर शेवटी तोही पडेल. आमच्या मते बॉम्बाडिलचा खरा अर्थ इथे आहे. ज्याच्यावर सत्तेचा अंमल चालत नाही, त्यालाच सत्ता नाकारणे परवडते. वन खात्याची नोटीस, धरणाचे भूसंपादन, मुकादमाची उचल ज्याच्या दारात येते, त्याला सत्तेकडे पाठ फिरवता येत नाही. राजकीय सत्तेशिवाय कुलूप उघडत नाही, हे बाबासाहेबांनी आपल्याला बजावलेच आहे.

सत्ता हवी म्हणजे रानाचे सावकार व्हायचे, असे नव्हे. २००६ च्या वनहक्क कायद्याने दिलेला हक्क वारशाने मिळतो, पण तो विकता येत नाही. सामूहिक वनहक्कात रान राखण्याचा अधिकार ग्रामसभेला मिळतो. 'धनी आहे, पण मालक नाही' हा विचार इथे गाण्यातून कायद्यात येतो आणि लढायला उपयोगी पडतो.

आता आपल्याबद्दल. बौद्धवाडीतली पोरे शिकली, नोकरीला लागली. पण शेजारच्या कातकरीवाडीच्या वनहक्क दाव्याचे काय झाले, हे आपल्यापैकी कितीजणांना माहीत आहे? आदिवासींचा प्रश्न आदिवासी बघतील म्हणून आपणही कडेला उभे राहिलो, तर आपणच बॉम्बाडिल ठरतो : आपल्या कुंपणात सुखी, गाणी गाणारे आणि शेवटी पडणारे. तेव्हा जयंतीच्या वर्गणीइतक्याच हिरिरीने ग्रामसभेत बसा, दाव्यांचे कागद वाचा, पाड्यावर जा.

जय भीम!