श्रेयांक गंजत नाहीत

शिक्षण अर्ध्यावर सोडून संसाराला किंवा नोकरीला लागलेला माणूस दहा-वीस वर्षांनी पुन्हा महाविद्यालयात नाव घालतो, तेव्हा त्याला सल्ल्याची वाण पडत नाही. घरची मंडळी, प्रवेशाच्या खिडकीवरचा कारकून, पुढच्या वर्गातली मुले, सारे एकमुखाने सांगतात: ऐच्छिक विषय सोपा घ्या. 'स्कोअरिंग' घ्या. ज्याच्या नोट्स झेरॉक्सच्या दुकानात तयार मिळतात आणि ज्याचे 'अपेक्षित' प्रश्न दरवर्षी फिरून तेच येतात, असा घ्या. गणिताच्या वाऱ्यालाही उभे राहू नका. हा सल्ला प्रेमापोटी दिला जातो, हे मान्य. परंतु तो घातक आहे, आणि घातक असूनही इतका सर्वमान्य आहे की त्याच्याविरुद्ध स्पष्ट बोलणे आम्हांला आवश्यक वाटते.

या सल्ल्याच्या मुळाशी एक गृहीत दडलेले आहे. परतून आलेल्या माणसाला पदवी हवी असते, शिक्षण नव्हे. आणि वाढत्या वयात त्याला काही नवे येण्याजोगे उरलेलेही नसते, असे ते गृहीत. म्हणून त्याला अडथळ्यांवरून अलगद उचलून पलीकडे ठेवायचे. वरकरणी ही दया दिसते. वस्तुतः तो अविश्वास आहे.

हा प्रश्न आज अधिक निकडीचा झाला आहे, कारण परतणाऱ्यांसाठी दारे पूर्वीपेक्षा रुंद उघडली आहेत. १९८५ साली इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठ आणि १९८९ साली नाशिकचे यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ स्थापन झाले. 'ज्ञानगंगा घरोघरी' हे नाशिकच्या विद्यापीठाचे ब्रीद अनेक गृहिणींनी आणि कामगारांनी सार्थ केले. पुढे २०२० चे राष्ट्रीय शैक्षणिक धोरण आले. २०२१ साली श्रेयांकांची बँक निघाली. मिळवलेले श्रेयांक तीत सात वर्षांपर्यंत जमा राहू शकतात. नव्या आराखड्यानुसार एका वर्षानंतर प्रमाणपत्र घेऊन वा दोन वर्षांनंतर पदविका घेऊन बाहेर पडावे आणि तीन वर्षांच्या आत परत यावे, अशी सोय झाली. महाराष्ट्राने २०२३ साली स्वीकारलेल्या रचनेत 'खुला ऐच्छिक' विषय मुख्य विषयाच्या विद्याशाखेबाहेरून घ्यावा लागतो. म्हणजे कला शाखेच्या विद्यार्थिनीला वाणिज्याचे वा विज्ञानाचे दार एकदा तरी ठोठवावेच लागते.

हे सारे स्वागतार्ह आहे. पण बँकेत श्रेयांक सुरक्षित राहिले म्हणजे त्यांच्यामागची विद्याही सुरक्षित राहिली, असे थोडेच आहे? श्रेयांक गंजत नाहीत. माणसाचा हिशेब, वाचन आणि लेखन मात्र गंजते. शेकडेवारी काढताना हात अडखळतो. इंग्रजीचा एक परिच्छेद तीनदा वाचावा लागतो. दुकानाची वही वीस वर्षे बिनचूक लिहिणाऱ्या माणसाला एका पानाचा सारांश लिहायला बसवले की घाम फुटतो. धोरणाने दार रुंद केले, उंबरठा मात्र तेवढाच उंच राहिला.

आता निवडीची गंमत पाहा. ज्यांनी बारावी पूर्ण केलेली नाही अशा प्रौढांसाठी इंदिरा गांधी मुक्त विद्यापीठाने एक पूर्वतयारीचा अभ्यासक्रम चालवला. त्यात सामान्य गणित, सामाजिक शास्त्रे आणि वाणिज्य या तीनपैकी कोणतेही दोन विषय निवडायचे असत. गणिताला भ्यालेल्या माणसाने कोणते दोन घ्यावेत, हा हिशेब करायला गणित लागत नाही! पूर्वतयारी ज्याची करायची तेच ऐच्छिक ठेवले, की भीतीला राजमार्ग मिळतो. पुढे वाणिज्यात संख्याशास्त्र येते, अर्थशास्त्रात आलेख येतात, आणि चुकवलेली गाठ दुप्पट घट्ट होऊन समोर उभी राहते. तेव्हा सल्ला देणारे कोणी जवळ नसतात.

गंजलेले पुन्हा उजळत नाही, हा समजही खरा नाही. हर्मान एबिंगहाउस या जर्मन मानसशास्त्रज्ञाने १८८५ सालीच दाखवले की विसरलेली गोष्ट पुन्हा शिकताना पहिल्यापेक्षा कमी श्रम पडतात. विस्मृतीच्या तळाशी काहीतरी शिल्लक असते, आणि ते दुसऱ्या वेळी उपयोगी पडते. अमेरिकेतील हॅरी बाह्रिक यांनी १९९१ साली एका सहकाऱ्यासह शालेय बीजगणिताच्या स्मरणाचा अभ्यास प्रसिद्ध केला. शाळेनंतर ज्यांनी गणिताचे पुढचे वर्ग केले, त्यांचे बीजगणित सुमारे ५० वर्षांनंतरही बऱ्याच अंशी टिकले होते. जे तिथेच थांबले त्यांचे हळूहळू पुसले गेले. बोध सरळ आहे. विद्या टिकते ती एकदा घोकून नव्हे, तर पुढे पुढे वापरत राहिल्याने. आणि पदवीच्या चौकटीत विद्यार्थ्याच्या स्वतःच्या हातात असलेली, वापराची ही संधी देणारी जागा म्हणजे ऐच्छिक विषय. तीच जागा आपण भीतीला आंदण देतो.

यावर आक्षेप येईल, आणि तो पोकळ नाही. ज्या बाईला पहाटे डबे करून कॉलेज गाठायचे आहे, ज्या माणसाची रात्रपाळी सुटत नाही, त्याने अवघड विषय घेतला आणि तो नापास झाला तर? एकदा सुटलेले शिक्षण दुसऱ्यांदा सुटले की तिसरी खेप सहसा येत नाही. ही भीती आम्ही हसण्यावारी नेत नाही. म्हणूनच आम्ही सर्वांत कठीण विषय घ्या असे म्हणत नाही. आमचे म्हणणे इतकेच: एका सत्रात एकच गंजलेले कौशल्य हाती घ्यावे, आणि त्याच्या सोबतीला एक असा विषय असावा की ज्यात आयुष्याचा अनुभव कामी येतो. दोन श्रेयांकांचा विषय म्हणजे सुमारे ३० तासिका. त्याची जोखीम मोठी नसते; मुख्य विषयात तीच उणीव उघडी पडली तर मात्र सारे वर्ष पणाला लागते.

निवडीपूर्वी स्वतःची झडती घ्यावी. बालभारतीची पाठ्यपुस्तके संकेतस्थळावर विनामूल्य मिळतात. सहावी-सातवीच्या गणितातील अपूर्णांक, गुणोत्तर व शेकडेवारीची उदाहरणे एकांतात सोडवून पाहावीत. वर्तमानपत्रातील एक अग्रलेख वाचून त्याचा सारांश दहा ओळींत लिहावा. कुठे अडते ते दोन संध्याकाळींत कळते, आणि जिथे अडते तिथलाच ऐच्छिक विषय शोधावा. शिक्षकांना निःसंकोच विचारावे: दर आठवड्याला काही लिहून घेता का? ते तपासून परत देता का? चुकले तर पुन्हा करू देता का? तिन्ही उत्तरे होकारार्थी असतील तर विषयाचे नाव कितीही भीतिदायक असो, तो घ्यावा. नकारार्थी असतील तर तो कितीही 'स्कोअरिंग' असो, त्यापासून दूर राहावे.

तथापि सारा भार विद्यार्थ्यावर टाकून महाविद्यालयांना हात झटकता येणार नाहीत. पुष्कळदा कोणता ऐच्छिक विषय उघडायचा हे शिक्षकांच्या कार्यभारावरून ठरते, विद्यार्थ्यांच्या गरजेवरून नव्हे; आणि यादी प्रवेशाच्या दिवशी घाईघाईने पुढे सरकवली जाते. अशा ठिकाणी 'निवड' हा शब्द केवळ छापील राहतो. दुसरीकडे, कच्च्या विद्यार्थ्यांचा वेगळा वर्ग काढून त्यांच्यावर शिक्का मारणे हाही उपाय नव्हे. अमेरिकेतील महाविद्यालयांनी हा प्रयोग अनेक वर्षे केला. मूळ अभ्यासक्रमाआधीच्या त्या पूरक वर्गांत माणसे अडकून पडत आणि कित्येक पदवीपर्यंत पोहोचतच नसत. म्हणून टेनेसी राज्याने २०१५ साली मुख्य वर्गासोबतच जादा मदतीची तासिका देण्याचा मार्ग धरला, आणि कॅलिफोर्नियाने २०१७ साली कायदा करून सरसकट पूरक वर्गांत ढकलण्याला आवर घातला. जाणाऱ्याला मागे थांबवायचे नाही, त्याच्यासोबत चालायचे, हे त्यामागचे सूत्र. आपल्या महाविद्यालयांना आठवड्यातून एक संध्याकाळ, एक रिकामा वर्ग आणि एक सहृदय शिक्षक यांहून अधिक काय लागणार आहे?

असो. प्रौढपणी शाळेची पायरी पुन्हा चढायला जे धैर्य लागते ते सोळा वर्षांच्या मुलाला ठाऊकही नसते. एवढे धैर्य करून आलेल्या माणसाला सोप्या विषयाच्या आडोशाला बसवणे म्हणजे त्याच्या धैर्याची किंमतच न करणे होय. पदवीचा कागद भिंतीवर लागेल. पण मुलाच्या वहीतले उदाहरण, पतपेढीच्या कर्जाचे व्याज आणि कचेरीतून आलेले पत्र या गोष्टी त्या कागदाने सुटत नाहीत. त्या सोडवण्यासाठीच तर ती बाई, तो माणूस परतून आलेला असतो. त्यांना सोपे काय ते सांगू नका. कुठे अडते ते विचारा, आणि तिथे त्यांच्या शेजारी बसा.