विश्लेषण : मोटार उत्तम, तरी ग्राहक का नाही? 'सर्वसामान्यांच्या' कंपनीची आलिशान सेडान कुठे अडते?

सहा लिटरचे १२ सिलिंडरचे इंजिन, एअर सस्पेन्शन, १८ प्रकारे हलवता येणारी आसने आणि चारही प्रवाशांसाठी स्वतंत्र तापमान. हे वर्णन मर्सिडीज किंवा बीएमडब्ल्यूचे नाही, फोक्सवॅगनच्या 'फेटन'चे आहे. २००२ मध्ये आलेली ही सेडान अभियांत्रिकीच्या निकषांवर कोणाहून कमी नव्हती. तरीही २०१६ मध्ये उत्पादन थांबले तेव्हा १४ वर्षांत मिळून तयार झालेल्या फेटनची संख्या होती सुमारे ८४ हजार. महिंद्रासारखी भारतीय कंपनी आता ३० लाखांच्या गटात शिरली असताना, फेटनचे नेमके काय चुकले हे पाहणे उपयोगाचे ठरते.

फेटनची कल्पना कोणाची?

फर्डिनांड पीएख यांची. फर्डिनांड पोर्शे यांचे हे नातू १९९३ ते २००२ या काळात फोक्सवॅगनचे प्रमुख होते. 'फोक्सवॅगन' या शब्दाचाच अर्थ 'लोकांची गाडी'. त्याच नावाखाली मर्सिडीज एस-क्लासला टक्कर देणारी मोटार बनवायची, हा त्यांचा ध्यास होता. त्यांनी अभियंत्यांपुढे ठेवलेल्या अटी आजही मोटारविश्वात सांगितल्या जातात. बाहेर ५० अंश सेल्सियस तापमान असताना मोटार ताशी ३०० किलोमीटर वेगाने दिवसभर धावली, तरी आतले तापमान २२ अंशच राहिले पाहिजे, ही त्यातली सर्वांत गाजलेली अट. प्रत्यक्षात मोटारीचा कमाल वेग २५० किलोमीटरवर मर्यादित केलेला होता!

तिच्यासाठी जर्मनीतील ड्रेस्डेन शहरात काचेच्या भिंतींचा खास कारखाना उभारण्यात आला. तिथली जमीन मेपलच्या लाकडाची होती. सुटे भाग शहरातून मालवाहू ट्रामने येत आणि ग्राहकाला आपली मोटार आकार घेताना पाहता येई.

नावात मात्र विचित्र योगायोग होता. ग्रीक पुराणकथेतला फेटन हा सूर्यदेवाचा मुलगा. वडिलांचा रथ हाकण्याचा हट्ट त्याने धरला, घोडे आवरले नाहीत आणि तो कोसळला.

विक्रीत काय घडले?

वर्षाला २० हजार मोटारींचे उद्दिष्ट होते. प्रत्यक्षात सरासरी सहा हजारांच्या आसपास राहिली. तुलनेसाठी, २००५ ते २०१३ या काळातील एस-क्लासची एकच पिढी पाच लाखांहून अधिक विकली गेली. अमेरिकेत फेटन २००३च्या अखेरीस पोहोचली आणि २००६ मध्ये तिथून माघारी फिरली. बर्नस्टाइन रिसर्च या संस्थेने २०१३ मध्ये केलेल्या अंदाजानुसार प्रत्येक फेटनमागे कंपनीला सुमारे २८ हजार युरोंचा तोटा झाला. २०१५च्या डिझेल घोटाळ्यानंतर खर्च कापण्याची वेळ आली. पुढची फेटन पूर्ण विजेवर चालणारी असेल, अशी घोषणा तेव्हा झाली. तीही मोटार बाजारात आली नाही.

दोष बोधचिन्हाचा का?

बऱ्याच अंशी. त्याचा पुरावा फोक्सवॅगनच्या घरातच आहे. १९९८ मध्ये कंपनीने बेंटली विकत घेतली. फेटनशी तांत्रिक नाते सांगणारी आणि त्याच प्रकारचे १२ सिलिंडर इंजिन असलेली बेंटली कॉन्टिनेन्टल जीटी २००३ मध्ये आली. त्या वर्षी बेंटलीच्या जगभरात हजारभर मोटारी विकल्या गेल्या होत्या. २००७ मध्ये हा आकडा दहा हजारांवर गेला. मागणी इतकी वाढली की बेंटलीच्या फ्लाइंग स्पर सेडानची काही जुळणी ड्रेस्डेनच्या त्याच काचेच्या कारखान्यात करावी लागली. तेच छप्पर, तेच तंत्रकुळ, पण फेटनपेक्षा कितीतरी जास्त किंमत मोजायला ग्राहक तयार होता. फरक होता तो मुख्यतः नावाचा.

शिवाय ज्याला याच समूहाची मोठी सेडान हवी होती, त्याच्यासाठी ऑडी ए८ आधीपासून होतीच. फेटनची पहिली लढाई मर्सिडीजशी नव्हती, घरातल्या भावंडांशी होती.

चीनमध्ये फेटनला त्यातल्या त्यात बरे दिवस आले. पण तिथेही ती दुरून स्वस्त पसाटसारखी दिसे. 'मर्सिडीज आणि लँड रोव्हरला घाबरू नका, मागे अक्षरे असलेल्या फोक्सवॅगनला घाबरा' अशा आशयाची म्हण चिनी समाजमाध्यमांवर गाजली. धडक झालीच तर मर्सिडीज ओळखू येते, पण पसाट समजून ठोकलेली मोटार फेटन निघाली तर भरपाई देताना घर विकावे लागेल, असा त्यातला विनोद. जी मोटार ओळखू यावी म्हणून मागे लिहिलेली अक्षरे वाचावी लागतात, ती प्रतिष्ठेसाठी कोण घेणार?

मग त्याच कंपनीची एसयूव्ही कशी चालली?

इथे प्रश्न रंजक होतो. फोक्सवॅगनने २००२ मध्येच टुआरेग ही महागडी एसयूव्ही आणली. बोधचिन्ह तेच, शोरूम तीच. फेटनपेक्षा स्वस्त असली तरी फोक्सवॅगनच्या नेहमीच्या ग्राहकासाठी ती महागच होती. तरी २०१९ मध्ये दहा लाखावी टुआरेग कारखान्याबाहेर पडली. म्हणजे 'साध्या' नावाखाली महाग मोटार विकलीच जात नाही, असे नाही.

फरक मोटारीच्या कामात आहे. एसयूव्ही घेणारा माणूस उंची, जागा, ओढण्याची ताकद आणि खराब रस्त्यावरची क्षमता विकत घेतो. ती मोजता येते, दाखवता येते. शिवाय तेव्हा या गटात मानाच्या जागा पक्क्या झालेल्या नव्हत्या. मोठी सेडान ही मात्र अध्यक्षांची, मंत्र्यांची, उद्योगपतींची मोटार. तिच्या किमतीतला मोठा वाटा मागच्या आसनावर बसणाऱ्याच्या स्थानाचा असतो. ते स्थान दशकानुदशके ठरलेले आहे. तिथे केवळ चांगली मोटार बनवून प्रवेश मिळत नाही.

ग्राहकाचा हिशेब काय असतो?

याला निव्वळ दिखाऊपणा म्हणून हिणवणे सोपे आहे, पण अर्धवट आहे. समजा, नावाजलेल्या कंपनीची सेडान ५० लाखांना आणि सर्वसामान्य कंपनीची तितकीच चांगली सेडान ४५ लाखांना आहे. काही वर्षांनी पहिलीला ३० लाख आणि दुसरीला २० लाख आले, तर पहिलीवरचा घाटा २० लाख आणि दुसरीवरचा २५ लाख. घेताना पाच लाखांनी स्वस्त वाटलेली मोटार विकताना पाच लाखांनी महाग पडली. पुनर्विक्रीचे मूल्य कमी राहणार, हे जाणून ग्राहक मागे फिरतो आणि ग्राहक नाही म्हणून ते मूल्य आणखी घसरते.

दुसरा मुद्दा सेवेचा. ज्या शोरूममध्ये दिवसभर छोट्या मोटारी विकल्या जातात, तिथे वर्षाकाठी चार-दोन महागड्या सेडान येणार. त्यांच्यासाठी वेगळा तंत्रज्ञ, सुट्या भागांचा साठा आणि वेगळी वागणूक विक्रेत्याला परवडत नाही. ग्राहकाला ते पहिल्याच सर्व्हिसिंगला कळते.

भारतात काय अनुभव आला?

मारुती सुझुकीने फेब्रुवारी २०११ मध्ये 'किझाशी' आणली. जपानमधून पूर्ण तयार अवस्थेत आयात होणाऱ्या या सेडानची सुरुवातीची किंमत साडेसोळा लाखांच्या आसपास होती. चालवायला ती उत्तम असल्याचे परीक्षणांत म्हटले गेले. पण ज्या दारातून अल्टो बाहेर पडत होती, त्याच दारातून ही मोटार विकायची होती. त्यात इंजिन फक्त पेट्रोलचे. जून २०१० मध्ये पेट्रोल नियंत्रणमुक्त झाले होते, डिझेलवर मात्र अनुदान सुरू होते. आयातशुल्काचा भार वेगळाच. काही वर्षांतच किझाशी गुंडाळली गेली. पुढे २०१५ मध्ये मारुतीने 'नेक्सा' ही स्वतंत्र शोरूम साखळी सुरू केली.

आज भारतात सेडान हा प्रकारच आक्रसला आहे. २०२४-२५ मध्ये विकल्या गेलेल्या प्रवासी वाहनांत एसयूव्हीसह युटिलिटी वाहनांचा वाटा सुमारे ६५ टक्के होता.

इतरांनी मार्ग कसा काढला?

टोयोटाने १९८९ मध्ये अमेरिकेत लेक्सस हे वेगळे नाव उभे केले. पहिल्याच वर्षी सुमारे आठ हजार मोटारींत दोष आढळला. त्या ग्राहकांच्या घरून नेऊन, दुरुस्त करून, धुऊन, टाकी भरून परत करण्यात आल्या. नामुष्कीचा प्रसंग कंपनीची ओळख बनला. ह्युंदाईची 'जेनेसिस' सेडान २००९ ची 'नॉर्थ अमेरिकन कार ऑफ द इयर' ठरली. तरीही २०१५ मध्ये कंपनीने जेनेसिसला ह्युंदाईपासून वेगळा ब्रँड केले. टाटा मोटर्सने २००८ मध्ये जॅग्वार लँड रोव्हर घेतली, पण त्या मोटारींवर टाटांचे नाव टाकण्याचा मोह टाळला. रेंज रोव्हरची जुळणी आता पुण्यात होते, पण बोधचिन्ह जुनेच आहे.

भारतीय कंपन्यांसाठी धडा कोणता?

महिंद्राने २०२१ मध्ये एसयूव्हींसाठी नवे बोधचिन्ह आणले आणि नोव्हेंबर २०२४ मध्ये चाकणला तयार होणाऱ्या 'बीई ६' आणि 'एक्सईव्ही ९ई' या विजेरी मोटारी सादर केल्या. त्यातल्या वरच्या प्रकाराची किंमत ३० लाखांच्या पुढे जाते. कंपनीने पहिला डाव सेडानऐवजी एसयूव्हीवर लावला, हे शहाणपणाचेच म्हणावे लागेल. विजेरी मोटारींत बॅटरी आणि सॉफ्टवेअर नवे असल्याने जुन्या प्रतिष्ठेची पकड थोडी सैलही झाली आहे.

पण खरी परीक्षा विक्रीच्या दिवशी होत नाही. पाच वर्षांनी ही मोटार विकायला काढली तर किती मिळतील, बॅटरी बिघडली तर कोण जबाबदारी घेईल आणि सर्व्हिस सेंटरमध्ये गेल्यावर कोण विचारेल, या तीन प्रश्नांची उत्तरे कंपनीने लेखी द्यायला हवीत. पुनर्खरेदीची हमी आणि दीर्घ वॉरंटी यांचा खर्च कंपनीने उचलला, तरच नव्या नावाची जोखीम ग्राहकाच्या खिशातून जाणार नाही. फेटनमध्ये ती जोखीम पूर्णपणे ग्राहकावर टाकली गेली होती. मोटार निर्दोष करण्यासाठी पीएख यांनी अनेक अटी घातल्या. ती विकत घेणाऱ्याला सुरक्षित वाटावे, यासाठीही एखादी अट हवी होती.