समोरचाही चांगला खेळो



स्पर्धेविषयी आपल्या ख्रिस्ती घरांत दोन प्रकारचे बोलणे कानावर येते. एक असे की, जग हे असेच आहे, मागे राहिलास तर कुत्रे विचारणार नाही, तेव्हा काय वाटेल ते करून पुढे जा. दुसरे असे की, आपण देवाची माणसे, आपल्याला चढाओढ कशाला हवी, नम्रपणे मागच्या बाकावर बसावे. पहिले बोलणे सोमवार ते शनिवार चालते, दुसरे रविवारी. मुले दोन्ही ऐकतात आणि गोंधळतात.

आमच्या मते दोन्ही बोलणी अपुरी आहेत. जिंकण्यासाठी जीव तोडून झटणे आणि समोरच्यावर प्रीती करणे ह्या एकमेकींच्या आड येणाऱ्या गोष्टी नाहीत. मात्र त्या आपोआप एकत्र नांदत नाहीत, त्यासाठी कष्ट पडतात. हे सांगायला आम्ही कोणा संताची नव्हे, तर हरणे मुळीच न सोसणाऱ्या एका खेळाडूची साक्ष काढणार आहोत.

बिल रसेल हे त्यांचे नाव. जन्म १९३४, अमेरिकेतील लुइझियाना राज्यात, एका कृष्णवर्णीय कुटुंबात. पुढे कुटुंब कॅलिफोर्नियात ओकलंडला आले. रसेल बारा वर्षांचे असताना आई वारली आणि वडिलांनी त्यांना वाढवले. शाळा संपली तेव्हा एकाच विद्यापीठाने त्यांना शिष्यवृत्ती देऊ केली, ते म्हणजे येशूसंघीयांचे सॅन फ्रान्सिस्को विद्यापीठ. (गोवा-बेळगावकडच्या आपल्या माणसांना येशूसंघीयांच्या शाळा-कॉलेजांची ओळख करून द्यायला नको!) त्या विद्यापीठाला त्यांनी १९५५ आणि १९५६ अशी सलग दोन वर्षे राष्ट्रीय विजेतेपद मिळवून दिले. १९५६ मध्येच मेलबर्न ऑलिंपिकचे सुवर्णपदक जिंकले आणि मग ते बॉस्टन सेल्टिक्स ह्या व्यावसायिक संघात दाखल झाले. तेथे १३ हंगामांत ११ अजिंक्यपदे! शेवटचे तीन हंगाम तर ते एकाच वेळी खेळाडू आणि प्रशिक्षक होते. एनबीए ह्या लीगमधले ते पहिले कृष्णवर्णीय मुख्य प्रशिक्षक. सामन्याआधी त्यांना एवढा ताण येई की कपडे बदलण्याच्या खोलीत उलटी होत असे, आणि तो आवाज ऐकला की सहकाऱ्यांनाच धीर येई, कारण आज रसेल खेळणार हे कळे.

अशा माणसाने निवृत्तीनंतर दहा वर्षांनी, १९७९ साली, टेलर ब्रँच ह्यांच्या साहाय्याने ‘सेकंड विंड’ नावाचे पुस्तक लिहिले. त्यात एक कबुली आहे. कधीकधी एखादा सामना असा रंगात येई, असे ते सांगतात, की तो नुसता शरीराचा किंवा बुद्धीचा खेळ राहत नसे. सगळे जणू संथ गतीने घडते आहे असे वाटे, चेंडू आता कुठे जाणार ते आधीच जाणवे. पण असे घडायला आपला संघ चांगला खेळून भागत नसे, समोरच्या संघालाही तितकेच उत्तम खेळावे लागे. म्हणून तो रंग टिकावा यासाठी रसेल मनातल्या मनात समोरच्यांच्या बाजूने होत. त्यांचाही चेंडू बास्केटमध्ये पडावा असे त्यांना वाटे. आणि फार थोड्या वेळा सामना त्याच उंचीवर संपला, तेव्हा कोण जिंकले याचे त्यांना खरोखर काही वाटले नाही.

अकरा अजिंक्यपदे मिळवणारा माणूस हे सांगतो आहे. भक्तिपर पुस्तकातले हे वाक्य नव्हे, म्हणूनच आम्हांला ते मोलाचे वाटते.

आपल्या मराठीत ह्या अनुभवाच्या जवळ जाणारा एक शब्द आहे, ‘चुरस’. सामन्यात चुरस यायला दोघेही तोलामोलाचे लागतात. एकट्याने चुरस होत नाही. दुसरा शब्द आहे ‘हेवा’. हेव्याला दुसऱ्याचे चांगले झालेले खपत नाही. धर्मशिक्षणाच्या वर्गात आपण सात प्रमुख पापे शिकवतो, त्यांत स्पर्धेचे नाव नाही, हेव्याचे आहे. संत थॉमस अक्वायनस ह्यांनी हेव्याची व्याख्याच अशी केली की, दुसऱ्याच्या भल्याबद्दल वाटणारे दुःख म्हणजे हेवा. ह्या फूटपट्टीने पाहा. समोरच्याचा चेंडू बास्केटमध्ये पडावा असे वाटणाऱ्या रसेलच्या मनात त्या क्षणी चुरस ओसंडून वाहत होती आणि हेव्याला तेथे जागाच उरली नव्हती.

हे त्यांना कसे जमले? आमच्या मते त्यांची मोजण्याची पट्टीच वेगळी होती. आज आपण चांगले खेळलो का, हे ते स्वतःच्या गुणांवरून ठरवत नसत. आपल्यामुळे सहकारी किती चांगले खेळले, हे ते पाहत. शॉट अडवताना पुष्कळ खेळाडू चेंडू जोराने प्रेक्षकांत भिरकावतात. टाळ्या पडतात, पण चेंडू पुन्हा समोरच्या संघालाच मिळतो. रसेल चेंडूला हलका स्पर्श करून तो आपल्या साथीदाराकडे वळवत. टाळ्या कमी, पण उपयोग संघाला!

याकोब आणि योहान येशूच्या उजव्या-डाव्या हाताची आसने मागायला आले तेव्हा काय झाले, ते आठवा. मोठे व्हायची इच्छाच धरू नका, असे प्रभू त्यांना म्हणाला नाही. मोठे कोणाला म्हणायचे, त्याची पट्टी त्याने बदलली आणि सेवकाला पहिल्या जागी बसवले. संत पौलानेही करिंथच्या मंडळीला धावण्याच्या शर्यतीचाच दाखला दिला. धावू नका असे तोही म्हणत नाही. कोमेजणाऱ्या मुकुटासाठी धावायचे की न कोमेजणाऱ्या, एवढेच तो विचारतो.

मुकुट कसा कोमेजतो हेही रसेल ह्यांनी पाहिले होते. ज्या बॉस्टनसाठी ते अजिंक्यपदे आणत होते, त्याच शहराजवळ त्यांचे घर फोडले गेले, भिंतींवर वर्णद्वेषी शिव्या लिहिल्या गेल्या, बिछाना विष्ठेने घाण केला गेला. १९७२ मध्ये त्यांचा ६ क्रमांकाचा गणवेश सन्मानाने निवृत्त करण्याचे ठरले, तेव्हा त्यांच्या आग्रहावरून तो सोहळा प्रेक्षकांना आत सोडण्याआधी, रिकाम्या क्रीडागृहात झाला. जिंकल्याने माणसे आपल्यावर प्रेम करू लागतात, असे मुलांना सांगणाऱ्या प्रत्येक पालकाने हा प्रसंग लक्षात ठेवावा.

आता कोणी म्हणेल, अकरा वेळा जिंकलेल्याला असे बोलायला काय जाते? हरणाऱ्याला विचारा! आक्षेप रास्त आहे. म्हणून विल्ट चेंबरलेन ह्यांच्याकडे वळू.

चेंबरलेन म्हणजे गुणांचा डोंगर. २ मार्च १९६२ रोजी त्यांनी एकट्याने एका सामन्यात १०० गुण केले. त्या हंगामात त्यांची सरासरी सामन्यामागे ५० गुणांहून अधिक होती. तरी त्या वर्षीचा सर्वोत्तम खेळाडू म्हणून लीगमधल्या खेळाडूंनी मते दिली ती रसेल ह्यांना. बाद फेऱ्यांत हे दोघे आठ वेळा आमनेसामने आले, त्यांत सात वेळा रसेलचा संघ जिंकला. अशा दोघांत मैत्री असेल असे कोणाला वाटेल? पण होती. थँक्सगिव्हिंगच्या सणाला रसेल फिलाडेल्फियात चेंबरलेन ह्यांच्या घरी जेवत आणि नंतर दोघे मैदानात एकमेकांना भिडत. माणसेच ती, चढाओढ पगारातही होती. १९६५ मध्ये चेंबरलेनना एक लाख डॉलरचा करार मिळाल्यावर रसेल ह्यांनी एक लाख एक डॉलर मागून घेतले!

ही मैत्री मोडली ती मैदानाबाहेरच्या बोलण्याने. १९६९ च्या अंतिम मालिकेतला सातवा सामना लॉस एंजेलिसला झाला. गुडघा दुखावल्यामुळे चेंबरलेन शेवटची काही मिनिटे बाहेर बसले आणि बॉस्टन १०८-१०६ असे जिंकले. रसेलचा तो शेवटचा सामना. नंतर विद्यार्थ्यांपुढे बोलताना रसेल ह्यांनी चेंबरलेनवर मैदान सोडल्याचा ठपका ठेवला. ते बोलणे वर्तमानपत्रांत छापून आले. पुढच्याच हंगामात चेंबरलेनच्या गुडघ्यावर मोठी शस्त्रक्रिया करावी लागली. आणि दोघांचा अबोला चालला वीस वर्षांहून अधिक!

ध्यानात घ्या, आठ मालिकांत मिळून जे तुटले नाही ते एका बोलण्याने तुटले. आणि ते बोलणे जिंकणाऱ्याचे होते. समोरच्याचे भले चिंतणारे मन खेळ रंगात असताना सापडले, पण तेच मन खेळ संपल्यावर जिभेवर ताबा ठेवू शकले नाही. मैदानावर लाभलेली कृपा घरी जपून आणावी लागते, ती आपली आपण चालत येत नाही.

पण गोष्ट येथे संपत नाही. रसेल ह्यांनी आपली चूक मानली, चेंबरलेनची क्षमा मागितली आणि ती जाहीरपणेही बोलून दाखवली. मैत्री पुन्हा जुळली. ऑक्टोबर १९९९ मध्ये चेंबरलेन गेले, तेव्हा त्यांच्या स्मरणविधीत रसेल बोलायला उभे राहिले. आपल्या भावाच्या मनात आपल्याविषयी काही आहे असे वेदीपाशी आठवले, तर अर्पण तेथेच ठेवून आधी समेट करायला जा, असे प्रभू सांगतो. समेट करायला कोणी जायचे? प्रभूचा शब्द पाहा, ज्याच्याविरुद्ध तक्रार आहे त्याने. रसेलची पावले उशिरा पडली, पण त्याच दिशेने पडली.

धर्मग्रामातल्या आपल्या चढाओढी लहान असतात. बायबल क्विझ, गायनस्पर्धा, नाताळचा गोठा, दहावीचे टक्के. त्यांतले अबोले मात्र लहान नसतात. एका गोठ्याच्या बक्षिसावरून दोन घरांत वर्षानुवर्षे बोलणे बंद, हे कोणत्या धर्मग्रामात घडत नाही? त्यावर उपाय म्हणून स्पर्धाच बंद करा, असे आम्ही म्हणणार नाही. मुलांना मनापासून खेळू द्यावे, जिंकण्याची इच्छा धरू द्यावी. फक्त निघताना ‘पहिला ये’ एवढेच सांगून थांबू नये. संध्याकाळी परत आल्यावर कितवा आलास हे विचारण्याआधी, समोरचा कसा खेळला, त्याचे काय चांगले वाटले, हे विचारावे. ज्या मुलाला ह्याचे उत्तर देता येईल, त्याच्या मनात हेव्याला शिरायला वाट राहणार नाही.

आणि आपण मोठ्यांनी? जिच्याशी तुलना करता करता आपले आयुष्य गेले, अशी एक तरी व्यक्ती प्रत्येकाच्या मनात असते. ऑफिसातला सहकारी असेल, जाऊ असेल, सख्खा भाऊ असेल. येत्या रविवारी मिस्सेत अर्पणाच्या वेळी त्या व्यक्तीचे नाव मनात घेऊ या आणि तिचे काम चांगले होवो, एवढेच देवाजवळ मागू या. आपल्या एखाद्या बोलण्याने अबोला झाला असेल, तर घरी पोहोचल्यावर आधी तिला फोन करू या. जेवण थोडे उशिरा झाले तरी चालेल.