उंची घटवा, वेग वाढवा!

लग्नाच्या बायोडेटात मुलीची उंची इंचभर वाढवून लिहायची पद्धत आपल्याकडे जुनीच. ४ फूट ११ इंचाची मुलगी कागदावर सहज ५ फुटांची होते. पण कुणी उंची मुद्दाम कमी सांगितली, असं ऐकलंय कधी? सायकलिंगच्या एका नव्या प्रकारात नेमकं हेच घडतं, आणि मला ते वाटतं तितकं गमतीचं वाटत नाही.

हा प्रकार म्हणजे व्हर्च्युअल सायकलिंग. घरातच सायकल 'स्मार्ट ट्रेनर' नावाच्या यंत्रावर बसवायची, समोर पडदा ठेवायचा आणि पेडल मारायचं. पायांचा जोर यंत्र मोजतं आणि पडद्यावरचा आपला सायकलस्वार त्याप्रमाणे पळतो. २०१४ साली आलेलं 'झ्विफ्ट' हे यातलं गाजलेलं नाव. ना रहदारीची भीती, ना अंधाराची. शर्यतीत आपल्या शेजारी पळणारी बाई दुसऱ्या खंडातलीही असू शकते.

गोम पुढेच आहे. जोर यंत्र मोजतं, पण वजन आणि उंची आपली आपणच भरायची. वजनाचं चटकन कळतं, चढावर जड माणसाला जास्त ताकद लागते. उंचीचं काय? तर उंच शरीराला वारा जास्त अडवतो. सपाट रस्त्यावर वेगात जाताना सायकलस्वाराची बहुतेक ताकद वारा कापण्यातच जाते. घरात वारा कुठला? म्हणून प्रोग्रॅम आपण भरलेल्या आकड्यांवरून अंगाचा आकार ठरवतो आणि तेवढा वारा हिशेबात धरतो. उंची कमी लिहिली की वारा कमी! वाऱ्याचा अडथळा ३ टक्क्यांनी घटला, तर तेवढ्याच जोरात वेग साधारण १ टक्क्यानं वाढतो. चिमूटभर वाटतं ना? पण तासाभराच्या शर्यतीत त्याचे ३६ सेकंद होतात, आणि निकाल तर एकेका सेकंदावर लागतात.

'अहो, गेमच तर आहे,' असं कुणी म्हणेल. तसं नाही राहिलेलं, मैत्रिणींनो. आंतरराष्ट्रीय सायकलिंग संघटनेनं ९ डिसेंबर २०२० रोजी या प्रकाराची पहिली जागतिक स्पर्धा घेतली. बायकांना आणि पुरुषांना अंतर सारखंच, ५० किलोमीटर, आणि बक्षिसाची रक्कमही सारखीच. बायकांमध्ये जिंकली दक्षिण आफ्रिकेची अ‍ॅशली मूलमन-पासियो. त्याआधी २०१६ मध्ये लिया थोर्विल्सन ही अमेरिकेची मॅरेथॉन धावणारी बाई झ्विफ्टच्या निवड स्पर्धेतून थेट 'कॅनियन-स्रॅम' या व्यावसायिक महिला संघात गेली. म्हणजे इथे मान आहे, पैसा आहे, पोटापाण्याची वाटसुद्धा आहे. खोट्या दोन इंचांनी कुणाची तरी हक्काची जागा जाऊ शकते.

लबाडी काही उंचीचीच होते असं नाही. ब्रिटनमध्ये २०१९ च्या राष्ट्रीय ई-शर्यतीचा विजेता कॅमेरॉन जेफर्स याचं विजेतेपद काढून घेतलं गेलं, २५० पौंड दंड आणि ६ महिन्यांची बंदीही झाली. गेममधली वेगवान सायकल त्यानं घाम गाळून नव्हे, तर संगणकाकडून पेडल मारून घेऊन कमावली होती.

मला मात्र त्या उंच मुलीचंही वाटतं, जी खरी उंची लिहिते. रस्त्यावर ती पाठ वाकवून, कोपरं जवळ घेऊन वाऱ्याला चुकवू शकते. वर्षानुवर्षांच्या सरावानं कमावलेलं ते कसब असतं. प्रोग्रॅमला ते दिसत नाही, त्याला फक्त सेंटिमीटर कळतात. उंच असणं हा काही अन्याय नव्हे, खऱ्या वाऱ्यातही उंचीची किंमत मोजावीच लागते. पण खरं बोलणारी मागे आणि खोटं लिहिणारी पुढे, हे काही निसर्गानं ठरवलेलं नाही.

यावर उपाय? मोठ्या शर्यतींत वजन-उंचीचा पुरावा मागतात, व्हिडिओ काढून पाठवावा लागतो. कॅमेऱ्यासमोर वजनकाट्यावर उभं राहणं कुठल्या बाईला आवडेल? वजन रोज बदलतं, त्यामुळे तो प्रश्न अवघडच आहे. पण मोठ्या माणसाची उंची काही महिन्या-महिन्याला बदलत नाही. ती त्रयस्थाकडून एकदाच मोजून घ्या आणि त्या आकड्याला कुलूप लावा. साध्या हौशी शर्यतींतही हे करायला फारसा खर्च येऊ नये.

नाहीतर होतं काय, की जिंकणाऱ्या प्रत्येकीकडे संशयानं पाहिलं जातं. बाई पुढे गेली की 'काहीतरी केलं असेल' म्हणणारे सगळीकडे असतातच. तिला रोज उठून आपला खरेपणा सिद्ध करायला लावण्यापेक्षा मोजपट्टीच चोख ठेवलेली काय वाईट? मापात पाप नको, हे धान्याच्या दुकानात आपण ठणकावून सांगतोच ना, मग खेळातही सांगायला हवं.