पावडरचा डबा की आगोटीचा डबा?



१ जूनला बंदी लागली की बोटी किनाऱ्याला येतात आणि आपली पोरं जिमला जातात. संध्याकाळ झाली की कुणी उधन्याला, कुणी डिंडोलीला, कुणी डुमसच्या रस्त्यावर धावायला. चांगलंच आहे. नाक्यावर तंबाखू मळत बसण्यापेक्षा वजन उचललेलं केव्हाही बरं.

पण या पोरांच्या मनगटावर जे घड्याळ आलंय आणि कपाटात जो पावडरचा डबा आलाय, त्याबद्दल आम्हाला बोलायचंय. कारण हे पैसे ज्या महिन्यांत जातात, त्या महिन्यांत घरात मासळीचा पैसा येत नाही.

आधी घड्याळ. जिममधून आला की पोरगा सांगतो, "आज सहाशे कॅलरी जाळल्या." २०१७ साली अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठाने ६० माणसांवर अशी ७ घड्याळं तपासली. हृदयाचे ठोके बहुतेकांनी ठीक मोजले. कॅलरीत मात्र सगळ्यात चांगलं घड्याळही सरासरी २७ टक्के चुकलं आणि सगळ्यात वाईट ९३ टक्के. नाखवा, डिझेलचा काटा एवढा चुकला असता तर तुम्ही तो बोटीवर ठेवला असता का?

कारण साधं आहे. घड्याळ ठोके आणि हाताची हालचाल बघून अंदाज बांधतं. सुरतच्या उकाड्यात नुसतं बसलं तरी ठोके वाढतात. इंजिनाच्या खोलीत काम करणाऱ्याला हे वेगळं सांगायला नको. ७० किलोचा माणूस मध्ये मध्ये थांबत तासभर वजनं उचलतो, तेव्हा साधारण अडीचशे ते चारशे कॅलरी जातात. सहाशेच्या भरवशावर येताना दोन प्लेट लोचो खाल्ला, वर तेल आणि शेव, की हिशेब उलटा झाला. मग महिन्याभराने विचारतात, पोट का कमी होत नाही? घड्याळ असेल तर वापरा, पण काल किती चाललो आणि आज किती, एवढ्यापुरतंच. त्या आकड्यावर जेवण ठरवू नका.

आता डबा. "व्यायाम झाल्यावर अर्ध्या तासात प्रोटीन नाही घेतलं तर सगळं वाया," असं पोरांच्या डोक्यात बसलंय. २०१३ मध्ये या विषयावरचे बरेच प्रयोग एकत्र करून तपासले गेले. दिवसभरातलं एकूण प्रोटीन हिशेबात धरलं, तेव्हा वेळेचा वेगळा फायदा जवळजवळ उरला नाही. म्हणजे आठला जिम सुटली आणि साडेनऊला घरी मासळी-भात जेवलात तरी काही बुडत नाही. अट एकच, दुपारपासून पोट रिकामं नसावं. चार-पाच वाजता दोन अंडी किंवा मूठभर शेंगदाणे पोटात जाऊ द्या.

किती लागतं? हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२० च्या शिफारशीप्रमाणे साध्या माणसाला किलोमागे ०.८३ ग्रॅम, म्हणजे ७० किलोला ५८ ग्रॅम. नेमाने वजन उचलणाऱ्याला किलोमागे दीड-पावणेदोन ग्रॅम, म्हणजे साधारण ११० ग्रॅम धरा. आता आपलं ताट मोजू. २०० ग्रॅम मासळी (काटे सोडून) ४० ग्रॅम. अर्धा लिटर दूध १६. दोन अंडी १२. वाटीभर डाळ १२. पाच-सहा चपात्या २०-२१. मूठभर शेंगदाणे ७. झाले की ११० च्या जवळ, डबा न उघडता!

आणि पावसाळ्यात मासळी नाही म्हणाल, तर आपल्या म्हाताऱ्या आगोटीची बेगमी कशासाठी करायच्या? वलांडीवर वाळवलेले बोंबील, ज्याला इथे बुमला म्हणतात, जवळा, सोडे. ताज्या बोंबलात निम्म्याहून खूप जास्त पाणीच असतं. तो वाळला की १०० ग्रॅममध्ये ६० ग्रॅमच्या आसपास प्रोटीन राहतं. ५० ग्रॅम सुके बोंबील म्हणजे ३० ग्रॅम, डब्यातल्या मोठ्या चमच्याएवढं किंवा जास्तच. आज तोच पोरगा नाक मुरडतो, "वास येतो" म्हणतो, आणि दोन-तीन हजारांचा डबा आणतो.

त्या डब्यात तरी काय आहे? २०२४ मध्ये भारतात विकल्या जाणाऱ्या ३६ प्रोटीन पावडरींची तपासणी प्रसिद्ध झाली. त्यातल्या जवळपास ७० टक्के डब्यांवर लिहिलेलं प्रोटीन आणि आतलं प्रोटीन जुळलं नाही. त्याच वर्षी पोषण संस्थेने आहाराचे नवे नियम काढले, त्यातही शरीर कमावण्यासाठी अशा पावडरी टाळा असंच सांगितलंय.

एक जपायचं. मिठातली सुकी मासळी रक्तदाबवाल्यांनी बेतानेच खावी. साखर किंवा किडनीचा त्रास असेल तर प्रोटीन वाढवण्याआधी डॉक्टरांना विचारा, मग ते माशाचं असो की डब्याचं.

गेल्या हंगामातली गोष्ट. आमच्याच एका घरातला पोरगा चार दिवसांची फेरी करून आला, चार तास झोपला आणि रिकाम्या पोटी जिमला गेला. "एक दिवस चुकला तर आकडा तुटतो," म्हणाला. तिथेच चक्कर येऊन पडला. नशीब, वजन अंगावर आलं नाही. चार दिवस जाळी ओढलेल्या अंगाला व्यायाम नको होता, जेवण आणि झोप हवी होती. जाळी ओढताना घड्याळ काढून ठेवलेलं, म्हणून ती मेहनत मोजलीच गेली नाही!

मोजली न जाणारी मेहनत आपल्याकडे पुष्कळ आहे. पहाटेपासून डोक्यावर टोपली घेऊन नानपुऱ्याच्या बाजारापर्यंत जाणारी आई रात्री शेवटी जेवते, आणि तिच्या ताटात बहुतेक वेळा डोकं आणि रस्साच उरतो. घरात प्रोटीन कमी कुणाला पडतंय, ते आधी तिथे बघा. आणि विंच आल्यापासून ज्यांचा दोर ओढणं सुटलं आणि पोट सुटलं, त्या बोटमालकांनी संध्याकाळी पोरांबरोबर तासभर चालायला निघावं. पोराला उपदेश करण्यापेक्षा ते जास्त कामाला येईल.

म्हणून आमचं म्हणणं एवढंच. जिम चालू ठेवा. पुढच्या डब्याचे पैसे आगोटीला लावा, आणि घरातल्या सगळ्यांच्या ताटात बोंबील सारखा वाढा.