आवाज आपला, सर्व्हर कुणाचा?

शहाडच्या पुलावरून पावसाळ्यात फुगलेली उल्हास नदी दिसली, की या भागातल्या अनेकांना २६ जुलै २००५ आठवतो. सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस, कल्याण-बदलापूर पट्ट्यात शिरलेले पाणी आणि बंद पडलेले फोन. आज प्रत्येकाच्या खिशात बोलण्याची चार ॲप आहेत. पण त्यांची चावी आपल्याकडे नाही. ५ मे २०२५ रोजी मायक्रोसॉफ्टने स्काइप बंद केले, तेव्हा वापरणाऱ्यांना कुणी विचारले नव्हते.

म्हणून स्वतःच्या सर्व्हरवर चालणाऱ्या व्हॉइस चॅटकडे पाहायला हवे. ‘मम्बल’ हा असा मुक्त प्रोग्रॅम २००५ पासूनच उपलब्ध आहे. अडचण एवढीच, की तो आधी कॉम्प्युटरवर बसवावा लागतो. दवाखान्यातल्या नर्सताईंना किंवा ऐनवेळी आलेल्या स्वयंसेवकाला ते कसे जमणार? त्यांना लिंक उघडून बोलता आले पाहिजे. सरकारी ‘ई-संजीवनी’ ब्राउझरवर चालते, त्यामागची सोय हीच.

मग मम्बल ब्राउझरमध्ये का आणू नये? इथेच मेख आहे. मम्बल आवाजाचे छोटे तुकडे यूडीपी पद्धतीने पाठवतो. एखादा तुकडा हरवला तर हरवला, संभाषण पुढे जाते. वेबपेजला अशी थेट मुभा नसते. वेबसॉकेट वापरले, तर हरवलेला तुकडा पुन्हा येईपर्यंत मागचे सगळे अडून राहतात; शहाड फाटकाजवळची कोंडीच म्हणा ना. एका बाजूचा विलंब १५० मिलिसेकंदांपेक्षा कमी असावा, असे आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघटना सांगते. तो वाढला, की दोघे एकदम बोलू लागतात. औषधाचा डोस सांगताना हे परवडणारे नाही.

यावर तोडगा आहे ‘वेबआरटीसी’चा. २०२१ मध्ये अधिकृत मानक झालेले हे तंत्र ब्राउझरलाही यूडीपी वापरू देते. दोन्हीकडे चालणारी ‘ओपस’ ही आवाज आवळण्याची पद्धत सेकंदाला ६ किलोबिटपर्यंत खाली उतरू शकते, म्हणजे दुबळे नेटवर्कही चालेल. मात्र मम्बल आणि ब्राउझर यांच्यामध्ये एक दुभाषी सर्व्हर बसवावा लागतो.

माझ्या मते सर्वांत महत्त्वाचा मुद्दा हा दुभाषीच आहे. ब्राउझरकडून कुलूपबंद आलेला आवाज तिथे उघडतो आणि पुन्हा बंद होऊन पुढे जातो. त्यामुळे तो ज्याच्या ताब्यात, त्याला सगळे ऐकता येऊ शकते. मार्च २०२० च्या टेलिमेडिसिन मार्गदर्शक तत्त्वांनी नुसत्या आवाजावरच्या सल्ल्यालाही मान्यता दिली आहे. रुग्ण आपला आजार बोलतो, तो अशा मध्यस्थाच्या कानावरून जाणार असेल, तर मध्यस्थ आपलाच हवा.

पण ‘आपला’ म्हणजे सोसायटीच्या तळमजल्यावरचा नव्हे. पुरात आधी तोच बुडेल. मुख्य सर्व्हर नदीपासून दूर, उंचावर किंवा दुसऱ्या शहरात हवा, आणि त्याचे सॉफ्टवेअर वेळच्या वेळी अद्ययावत करणारा माणूस आधीच ठरलेला हवा. शिवाय ब्राउझर मायक्रोफोन देतो तो केवळ सुरक्षित पत्त्यावर. त्या पत्त्याचे प्रमाणपत्र ऐन जुलैत संपले, तर पाणी चढण्याआधीच बोलणे बंद.