‘शेअर’ प्रवासाचे अडलेले चाक

मुंबई : सकाळी नऊच्या सुमारास कुर्ला स्थानकाच्या पश्चिमेला उतरणाऱ्या चाकरमान्याला वांद्रे-कुर्ला संकुलात जाण्यासाठी मोबाइल हातात घ्यावा लागत नाही. रांगेत उभे राहायचे, तिघे जमले की रिक्षा सुटते. भाडे ठरलेले, मार्ग ठरलेला. त्याच वेळी काही पावलांवर दुसरा प्रवासी अ‍ॅपवरून बोलावलेल्या टॅक्सीची वाट पाहत असतो. ती येते, चार जणांच्या जागेत त्या एकट्याला घेते आणि त्याच कोंडीत जाऊन उभी राहते. गंमत अशी, की गेली दहा-बारा वर्षे ‘शेअरिंग’चे युग आणल्याचा दावा या दुसऱ्या गाडीच्या नावावर नोंदला गेला आहे.

अ‍ॅपआधारित वाहतूक सेवांची वाढ हा आता वादाचा विषय उरलेला नाही. महानगरांतील प्रवासाचा तो अविभाज्य भाग झाला आहे. वाद आहे तो वेगळाच. या सेवा ‘वाटून घेतलेला प्रवास’ म्हणून आल्या, त्यातील वाटणी नेमकी कुठे गेली? आणि ती परत आणायची, तर अडसर तंत्रज्ञानाचा आहे, पैशाचा आहे की कायद्याचा?

कल्पना जुनीच, यंत्रणा नवी

एका गाडीत अनोळखी प्रवाशांनी बसायचे आणि भाडे वाटून घ्यायचे, ही पद्धत महाराष्ट्राला कोणत्याही परदेशी कंपनीने शिकवलेली नाही. चर्चगेटहून नरिमन पॉइंटला जाणारी शेअर टॅक्सी, पुण्यातील एकेकाळच्या सहा आसनी रिक्षा, पश्चिम महाराष्ट्रातील वडाप, ही सगळी त्याच कल्पनेची रूपे. अ‍ॅपने त्यात भर घातली ती इतकीच, की प्रवासी आणि गाडी यांची गाठ घालण्याचे काम थांब्यावरच्या हाकेऐवजी संगणक करू लागला. मात्र ही ‘इतकीच’ भर क्रांतिकारक ठरली.

मुंबईत फोनवरून बोलावता येणाऱ्या वातानुकूलित टॅक्सींचा ताफा ‘मेरू’ने २००७ मध्ये रस्त्यावर आणला. २०१० च्या अखेरीस मुंबईतच ‘ओला’ची स्थापना झाली, पुढे तिचे मुख्यालय बंगळुरूला गेले. ‘उबर’ २०१३ मध्ये बंगळुरूत आणि २०१४ मध्ये मुंबईत आली. ‘भाडे नाकारले’ ही काळ्या-पिवळ्या टॅक्सीविषयीची आणि मीटर रिक्षाविषयीची पिढ्यान्‌पिढ्यांची तक्रार या सेवांना भांडवल म्हणून आयतीच मिळाली. गाडी दारात येते, भाडे आधी कळते, चालकाचे नाव पडद्यावर दिसते, एवढ्यावर शहरी मध्यमवर्ग प्रसन्न झाला.

खऱ्या अर्थाने ‘शेअर’ सेवा अवतरली ती २०१५ मध्ये. ‘उबरपूल’ आणि ‘ओला शेअर’ या दोन्ही सेवा त्या वर्षी भारतात सुरू झाल्या. एकाच दिशेला जाणारे दोन-तीन प्रवासी एका गाडीत बसवायचे आणि प्रत्येकाला स्वस्तात न्यायचे, असा त्यांचा प्रकार. मार्च २०२० मध्ये करोनाच्या साथीमुळे त्या थांबल्या. साथ सरली, लोकल गाड्या पुन्हा तुडुंब भरू लागल्या. परंतु या ‘शेअर’ टॅक्सीला तिचे जुने स्थान परत मिळाले नाही.

कागदावरचे गणित आणि रस्त्यावरचे

कल्पनेत खोट नव्हती. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीच्या संशोधकांनी २०१७ मध्ये एक हिशेब मांडला होता. न्यूयॉर्कमधील तेरा हजारांहून अधिक टॅक्सी जी मागणी भागवतात, तिच्यातील ९८ टक्के मागणी चार आसनांच्या अवघ्या ३ हजार गाड्या भागवू शकतील आणि प्रवाशाला सरासरी २.७ मिनिटेच थांबावे लागेल, असा त्याचा निष्कर्ष. अट एकच, प्रवाशांनी गाडी वाटून घेतली पाहिजे.

ही अट पाळली गेली नाही, तेव्हा काय झाले, याचे उत्तर सॅन फ्रान्सिस्कोने दिले. याच शहरात ‘उबर’चा जन्म झाला. २०१० ते २०१६ या काळात तेथे कामाच्या दिवशी वाहतूक कोंडीत वाया जाणारा वाहनांचा वेळ ६२ टक्क्यांनी वाढला. अ‍ॅप टॅक्सी नसत्या तर ही वाढ २२ टक्के राहिली असती, असे २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात आढळले. कारण उघड आहे. बस किंवा रेल्वेने जाणाऱ्यांपैकी काही जण टॅक्सीकडे वळतात. शिवाय एक प्रवासी उतरला, की दुसरा मिळेपर्यंत टॅक्सी रिकामीच फिरते. न्यूयॉर्कने तर ऑगस्ट २०१८ मध्ये अशा गाड्यांच्या नव्या परवान्यांवरच मर्यादा घातली.

मग वाटणी का फसली? तिचे अर्थकारण नाजूक होते. एकाच वेळी, एकाच दिशेला जाणारे पुरेसे प्रवासी असतील तरच जुळणी होते. दुसरा प्रवासी मिळाला नाही, तर पहिल्याला दिलेल्या सवलतीचा भार कंपनीवर पडतो. गुंतवणूकदारांचा पैसा ओतला जात होता तोवर हा भार पेलला गेला. तो आटताच सवलतही आटली. चालकाच्या दृष्टीने तर हा सौदा नकोसाच होता. दोन ठिकाणी चढवायचे, दोन ठिकाणी उतरवायचे, उशिराबद्दल दोघांचीही बोलणी खायची आणि कष्टांच्या मानाने मोबदला तोकडा. थांब्यावरच्या शेअर रिक्षाचे याच्या नेमके उलट आहे. तिन्ही जागा भरल्याशिवाय ती हलतच नाही आणि तिसऱ्या प्रवाशाचे भाडे थेट चालकाच्या खिशात जाते. म्हणून कोणाच्याही अनुदानाविना ती टिकली.

कायद्याचा गुंता

दुसरा अडसर कायद्याचा. १९८८ चा मोटार वाहन कायदा प्रवासी वाहतुकीची ढोबळमानाने दोन प्रकारांत विभागणी करतो. वाटेत प्रवासी घेत-उतरवत, प्रत्येकाकडून वेगळे भाडे घेऊन जाणारी ती टप्पा वाहतूक. संपूर्ण वाहन ठरवून केलेली ती कंत्राटी वाहतूक. टॅक्सी दुसऱ्या प्रकारात मोडते. मोटार कॅबने प्रवाशांकडून वेगवेगळे भाडे घेतले तरी तिचे कंत्राटी स्वरूप बदलत नाही, असे कायद्याच्या व्याख्येतच नमूद आहे. तरीही वाटेत प्रवासी घेणे हा परवान्याचा भंग ठरतो, अशी भूमिका घेत कर्नाटकच्या परिवहन विभागाने २०१७ च्या सुरुवातीस ‘शेअर’ सेवांवर बडगा उगारला होता.

केंद्राने २०१९ मध्ये कायद्यात दुरुस्ती करून अ‍ॅप कंपन्यांना ‘समुच्चयक’ म्हणून प्रथमच व्याख्येत बसवले आणि त्यांना परवाना सक्तीचा केला. नोव्हेंबर २०२० मध्ये निघालेल्या मार्गदर्शक सूचनांत प्रवासी वाटून घेण्यास स्पष्ट मुभा होती. महिला प्रवाशांना केवळ महिलांबरोबरच प्रवास करण्याचा पर्याय देण्याची तरतूदही होती. दिल्लीत डिसेंबर २०१४ मध्ये अ‍ॅप टॅक्सीत तरुणीवर झालेल्या अत्याचारानंतर सुरक्षेचा प्रश्न ऐरणीवर आला होता, हे लक्षात घेता ती आवश्यकच होती.

महाराष्ट्राची वाटचाल मात्र धरसोडीची राहिली. २०१७ चे शहर टॅक्सी नियम न्यायालयीन वादात अडकले. मार्च २०२२ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने कंपन्यांना परवान्यासाठी अर्ज करण्यास मुदत घालून दिली. पुण्यात बाइक टॅक्सीविरोधात रिक्षाचालकांनी नोव्हेंबर २०२२ मध्ये ‘बंद’ पुकारला. जानेवारी २०२३ मध्ये राज्य सरकारने खासगी नोंदणीच्या दुचाकी, तिचाकी आणि चारचाकी वाहनांतून अ‍ॅपद्वारे प्रवासी वाटून नेण्यास बंदी घातली. त्यानंतर एप्रिल २०२५ मध्ये मंत्रिमंडळाने इलेक्ट्रिक बाइक टॅक्सी आणि अ‍ॅप टॅक्सी यांच्या धोरणांना मंजुरी दिली. आठ वर्षांत सरकारने परवाना, भाडे आणि स्पर्धा यांवर खल केला. एका गाडीत किती माणसे जातात, हा प्रश्न त्यात मागेच राहिला.

चालकाच्या हाती काय?

या साऱ्या व्यवहारातील सर्वाधिक जोखीम उचलतो तो चालक. आरंभीच्या वर्षांतील घसघशीत प्रोत्साहन रकमा पाहून अनेकांनी कर्ज काढून गाड्या घेतल्या. रकमा घटल्या, हप्ते तेवढेच राहिले. ऑक्टोबर २०१८ मध्ये मुंबईतील चालकांनी केलेला दीर्घ संप हा त्याचाच परिणाम. २०२५ मध्ये कंपन्यांनी रिक्षाचालकांसाठी, आणि काहींनी टॅक्सीसाठीही, दलालीऐवजी ठरावीक वर्गणीची पद्धत स्वीकारली. २०२२ मध्ये बंगळुरूत सुरू झालेल्या ‘नम्म यात्री’ या सेवेने ही वाट दाखवली होती. दलाली गेली, ही चालकासाठी चांगलीच बाब. परंतु फेरीच्या भाड्याशी आपला संबंध नाही, असे म्हणण्याची सोयही त्यातून कंपनीला मिळते. मग भाडे मीटरने की अ‍ॅपने, हा वाद प्रवासी आणि चालक यांनी रस्त्यातच मिटवायचा.

सामाजिक सुरक्षा संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली. अ‍ॅप कंपन्यांनी वार्षिक उलाढालीच्या एक ते दोन टक्के रक्कम कामगारांच्या सामाजिक सुरक्षेसाठी द्यावी, अशी तरतूद तीत आहे. ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०२१ मध्येच ‘उबर’च्या चालकांना कामगारांचा दर्जा दिला होता. भारतात तो मूळ प्रश्न सुटलेला नाही, पण निधीची वाट तरी मोकळी झाली.

अ‍ॅपवर विसंबण्याचा धोका किती, हे एप्रिल २०२५ मध्ये दिसले. ‘ब्लूस्मार्ट’ या इलेक्ट्रिक टॅक्सी कंपनीची सेवा तिच्याशी संबंधित कंपनीवरील ‘सेबी’च्या आदेशानंतर अचानक ठप्प झाली. चालकांचे काम एका रात्रीत गेले. सार्वजनिक वाहतुकीची जागा खासगी सेवेला देताना नियोजनकर्त्यांनी हा प्रसंग विसरू नये.

वाट स्थानकाबाहेरून

मुंबईत भुयारी मेट्रोचा आरे ते कफ परेड हा संपूर्ण मार्ग ऑक्टोबर २०२५ मध्ये खुला झाला. पुण्यात २०२२ पासून मेट्रो धावते आहे. या प्रकल्पांचे यश स्थानकापासून घरापर्यंतच्या दोन-तीन किलोमीटरवर अवलंबून आहे. त्यासाठी पहिला हक्क बसचा. ‘बेस्ट’चे किमान भाडे मे २०२५ मध्ये पाचवरून दहा रुपये झाले, तरी एका बसमध्ये मावणारी माणसे टॅक्सीने न्यायची तर रस्ता पुरणार नाही. जिथे बस पोहोचत नाही, तिथे शेअर वाहतूक हवी. अ‍ॅपची खरी उपयुक्तता तिथेच आहे.

त्यासाठी नवे तंत्रज्ञान शोधायला नको. अधिकृत शेअर मार्ग आणि प्रत्येक आसनाचे भाडे परिवहन प्राधिकरणाने जाहीर करावे, त्यांवरील जागा अ‍ॅपवर राखता यावी आणि कंपन्यांनी फेऱ्यांची माहिती, प्रवाशांची ओळख वगळून, पालिकेला द्यावी ही परवान्याची अट असावी. किती गाड्या, यापेक्षा प्रत्येक फेरीत किती प्रवासी, हा मोजमापाचा निकष ठरावा. दिल्लीने २०२३ मध्ये अ‍ॅपआधारित प्रीमियम बससाठी स्वतंत्र योजना आणून निदान मोठ्या वाहनांपुरते हे पाऊल टाकले आहे.

कुर्ल्याच्या रांगेतील रिक्षाचालकाला कोणतेही सूत्र शिकवावे लागले नाही. तिसरी जागा भरली की निघायचे, एवढेच त्याला ठाऊक आहे. कोट्यवधी रुपये आणि अत्याधुनिक संगणक हाती असलेल्या कंपन्यांना, आणि त्यांना परवाने देणाऱ्या सरकारलाही, त्या तिसऱ्या जागेचे मोल अद्याप उमगायचे आहे.